हात आखडला की सेंद्रिय डाळ सुटते का?

वावरवाला (हिंगणघाट तालुका)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

आमचा गट लहान आहे. आजूबाजूच्या गावांतले कास्तकार मिळून तूर, जवस, गहू, हळद आणि थोडी ज्वारी रसायनाशिवाय घेतो. परंपरागत कृषी विकास योजनेत गट बांधला, पीजीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची शेती तपासून मिळणारं, सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलं. योजनेचे पैसे संपले तरी शेती तशीच सुरू ठेवली. माल बाजार समितीत न नेता नागपूर, वर्धा आणि हिंगणघाटच्या घरांना बहुतेक थेट देतो.

गेल्या हंगामापासून मागणीचं वळण बदललं आहे. नागपूरच्या एका घराची यादी समोर घेऊन बसलो आहे. आधी दर महिन्याला तूरडाळ, जवस, हळद, गूळ, करडीचं तेल, मध आणि उन्हाळ्यात वर्षाचा गहू. आता मेसेज येतो, 'दादा, या महिन्यात डाळ अन् जवस फक्त.' गहू त्यांनी कळमन्याच्या बाजारातून भरला. तेल पाकिटातलं घेतात. मध बंद. हळद मात्र संपली की न चुकता मागवतात. बाकी घरांच्या याद्या काढून पाहिल्या तर थोड्याफार फरकाने हेच. घर तुटत नाही, यादी आखडते.

हिंगणघाटच्या गिऱ्हाइकांचं जरा वेगळं आहे. तिथे आमचा माल घेणारे म्हणजे कापड दुकानदार, कृषी केंद्रवाले, दोन-तीन डॉक्टर, शिक्षक. शिक्षकांचा पगार ठरलेला, ते टिकून आहेत. बाकीच्यांचा गल्ला कास्तकाराच्याच खिशावर चालतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात ते चार हजारांच्या आसपास गेलं. त्या वर्षी दिवाळीला कापड दुकानात गर्दी नव्हती, आणि दुकानदाराच्या घरून आमच्या गुळाची मागणीही आली नाही. आपल्याकडे मंदी शेअर बाजारातून येत नाही, ती सोयाबीनच्या काट्यावरून येते.

आता गटात दोन मतं आहेत. काही म्हणतात भाव उतरवा. काही म्हणतात उतरवला की पुन्हा चढवता येणार नाही, त्यापेक्षा तूर सरळ बाजारात टाकू. तुमचा अनुभव काय?


कृषी_पदवीधर (अमरावती)

दादा, तुम्ही सांगता तसंच बाहेरच्या देशांत मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे, त्यामुळे थोडी जुनी उदाहरणं देतो.

२००८ च्या जागतिक मंदीनंतर ब्रिटनमध्ये सेंद्रिय मालाची विक्री २००९ या एकाच वर्षात सुमारे १३ टक्क्यांनी घसरली आणि पुढची काही वर्षं घसरतच राहिली. २०१३ मध्ये ती पुन्हा वर चढली. त्याच काळात अमेरिकेत मात्र वाढ मंदावली, पण थांबली नाही. २००९ मध्येही तिथे पाच टक्क्यांच्या आसपास वाढ होती. म्हणजे मंदी आली की सेंद्रिय बुडतं असा सरळ नियम नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या दुकानसाखळ्यांनी सेंद्रिय मालाच्या फळ्याच कमी केल्या होत्या. फळीवर वस्तू नसेल तर घ्यायची इच्छा असणाराही घेणार कुठून?

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते जर्मनीचं. युक्रेन युद्धानंतर महागाई भडकली आणि २०२२ मध्ये तिथला सेंद्रिय बाजार कित्येक वर्षांत पहिल्यांदा खाली आला, साधारण साडेतीन टक्क्यांनी. पण आत काय झालं ते पाहा. खास सेंद्रिय मालाची महागडी दुकानं आणि शेतावरची दुकानं जोरात आपटली, आणि स्वस्त किराणा साखळ्यांमधली त्यांच्या स्वतःच्या छापाची सेंद्रिय विक्री वाढली. लोकांनी सेंद्रिय माल सोडला नाही, महाग दुकान सोडलं.

तुम्ही थेट विकता, मध्ये दुकान नाही. म्हणून तुमची अडचण जर्मनीतल्या त्या दुकानांएवढी मोठी नसावी. पण तुमच्या भावात दुकानासारखा काही खर्च शिरला आहे का, ते आधी तपासा.

आणखी एक. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत ग्रामीण भारतातला माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४१२२ रुपये आहे आणि त्यातला ४७ टक्के खाण्यावर जातो. शहरात ६९९६ रुपये आणि सुमारे ४० टक्के. ज्याचा जवळजवळ निम्मा पैसा ताटावर जातो, त्याला किलोमागे वीस रुपये फार मोठे असतात. तालुक्याच्या गावात मागणी आधी का आखडते, याचं हे मोठं कारण आहे.


सीताबर्डीची_आई (नागपूर)

मी गिऱ्हाईक आहे, तुमच्या गटाची नाही, पण अशाच एका गटाची. यजमान मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या उद्योगक्षेत्रात, कंत्राटावर आहेत आणि मागच्या वर्षी मध्ये काही महिने काम नव्हतं. तेव्हा मी यादी कशी कापली ते सांगते, कदाचित उपयोग होईल.

मी किलोचा भाव पाहिलाच नाही. वर्षाला फरक किती पडतो तो पाहिला. आमच्याकडे गहू वर्षाला अडीच क्विंटल लागतो. सेंद्रिय आणि बाजारच्या गव्हात किलोमागे वीस रुपयांचा फरक धरला तर वर्षाचे पाच हजार झाले. हळद वर्षाला दोन-अडीच किलो. तिच्यात किलोमागे शंभर रुपये जास्त दिले तरी अडीचशेच्या वर जात नाही. मग कशाला सोडायचं? गहू सुटला, हळद राहिली.

दुसरं म्हणजे शंका. गव्हात काय भेसळ असणार, दळताना डोळ्यांसमोर असतो. हळद, तिखट, गूळ यांची भीती वाटते. हळदीचा रंग उठावा म्हणून शिशाचा रंग मिसळतात, हे वाचल्यापासून मी सुटी हळद घेतच नाही. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ती आपल्याच वर्धा जिल्ह्यातली, मग ती सोडून दुसरी का घ्यावी? जिथे शंका मोठी आणि वर्षाचा फरक लहान, तिथे कोणतीही आई पैसे काढते.

डाळ मधोमध आहे. महिन्याला चार किलो लागते. फरक चाळीस-पन्नास रुपयांच्या वर गेला की मी थांबते, पंचवीसच्या आत असला की घेते. मुलं रोज वरण खातात आणि विनापॉलिशच्या डाळीची चव त्यांना कळते.

आणि दादा, एक मनापासून सांगते. यादी कमी केल्यावर मला तुमच्यासारख्या दादांना मेसेज करायला जड जात होतं. वाटायचं, यांना वाईट वाटेल, आता थोडंसं मागवायचं तरी कसं. आमच्या गटातल्या ताईंनी स्वतःहून लिहिलं, 'अर्धा किलो पाहिजे असंल तरी सांगा.' तेवढ्यावर मी टिकले. नाहीतर लाजेपायीच सुटले असते.


पराटीवाला (दारव्हा)

भाऊ, राग नोका मानू, पण मी दुसऱ्या बाजूनं बोलतो.

मी बी नैसर्गिक शेतीवाल्या पाळेकरांच्या शिबिरात गेलतो. शेण-गोमूत्राचं जीवामृत केलं, फवारणीले पाल्याचा दशपर्णी अर्क केला. तूर चांगली झाली, नाही म्हणत नाही. पण पराटीत, म्हंजे कपाशीत, निंदाले बायका भेटत नाही, अन् भेटल्या तं रोजी परवडत नाही. धुऱ्यापलीकडचा तणनाशक मारते, त्याचं वावर साफ, आपलं गवतात. बियाणं तं जनुक बदललेलं बीटीच भेटते दुकानात, अन् बीटी सेंद्रियमदी चालत नाही. सरळ वाण शोधाले किती फिराव लागते ते ज्यानं केलं त्यालेच माहीत. मंग गिऱ्हाईक म्हणते भाव जास्त हाये. कास्तकारानं करावं काय?

अन् एक गोष्ट सगळेच इसरते. गिऱ्हाइकाच्या पोटात औषध जाऊ नये म्हणून सगळा आटापिटा चालू हाये. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मदी फवारता फवारता वीसच्या वर माणसं मेली, शेकड्यानं दवाखान्यात पडली. बिनफवारणीची तूर घेते तवा त्या गड्याचं बी काही वाचते, हे नागपूरच्या लोकायले कोन सांगते? मी सांगलं असतं तं आधी हेच सांगलं असतं.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. आमच्या गावात सोयाबीन पिकवते अन् तूरडाळ किराण्यातून आनते, तेल पाकिटातलं आनते. आपनच आपलं गिऱ्हाईक नाही राहिलो. मंदीत नागपूरच्या माणसानं आपली डाळ घ्यावी म्हणतो, आपल्या घरात कोनची शिजते ते पाहा आधी.


वावरवाला

पराटीवाले भाऊ, राग कशाचा? तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि फवारणीची गोष्ट मी आजच्या मेसेजमध्ये गिऱ्हाइकांना लिहिणार आहे. कापसाच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही पराटी कमी करून तुरीत आलो, कारण तूर घरात साठवता येते, घरात खाता येते आणि डाळ करून विकता येते. कापूस गाठी बांधणाऱ्यांशिवाय दुसरीकडे जात नाही.

ताई, तुमचा वर्षाच्या फरकाचा हिशेब आम्ही गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. त्यावरून काल रात्री डाळीचा भाव पहिल्यापासून मांडला. तो इथे टाकतो, म्हणजे कोणाला चूक दिसली तर सांगता येईल.

तूर एक क्विंटल, २०२४-२५ च्या हमीभावाने ७५५० रुपये. गावातल्या मिनी दाल मिलचे क्विंटलला पाचशे. डाळ उतरते साधारण ७२ किलो. साल-चुऱ्याची चुनी निघते ती ढोरांसाठी जाते, तिचे तीनशेच्या वर येतात. वजा करून डाळ पडते किलोला १०७ ते १०८ रुपये. पोतं, निवडणं, नागपूरची वाहतूक आणि थोडी घट धरून दहा-बारा. म्हणजे १२० च्या आत. कास्तकाराला हमीभावावर क्विंटलमागे हजार रुपये जादा द्यायचे तर किलोवर चौदा रुपये चढतात. झाले १३४.

आम्ही विकत होतो १७० ला. वरचे ३६ गेले कुठे? रंगीत छापील पाकीट, एक-एक किलोचं कुरिअर, आणि थोडा माल ठेवतो त्या नागपूरच्या दोन दुकानांचं कमिशन, जे आम्ही सगळ्या मालावर सारखं वाटून टाकलं होतं. पदवीधर भाऊ म्हणाले तसं, थेट घेणाऱ्याच्या भावातही दुकान बसलं होतं.

आता ठरवतो आहोत ते असं. पाच किलोच्या कापडी पिशवीत घेणाऱ्याला १४० रुपये. महिन्यातून एकदा गाडी नागपूरला जाईल, तीन ठिकाणी थांबेल, लोक येऊन घेऊन जातील. पाकिटातली डाळ बंद. कास्तकाराचे जादा हजार मात्र कमी करायचे नाहीत, यावर गट ठाम आहे. ते काढले तर पुढच्या वर्षी तूर पेरणारा मिळणार नाही.


दालमिल_अकोला

हिशेब बराचसा बरोबर आहे. फक्त ७२ चा उतारा दर वेळी धरू नका. बारीक दाणा, दमट तूर किंवा नीट तेल-पाणी न लावलेली तूर असेल तर ७० च्या खाली येतं. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मिनी मिलवर चांगला उतारा येतो, पण तूर भिजवून उन्हात वाळवायचे दिवस पाळावे लागतात. घाई केली की सालं निघत नाहीत आणि तुकडा वाढतो.

मागणी मंदावली की दुसरं संकट येतं, त्यावर कोणी बोललं नाही. माल पडून राहतो आणि भुंगा लागतो. रसायनाच्या गोळ्या तुम्ही टाकणार नाही. अख्ख्या तुरीला भुंगा लागतो, दाण्यावर पांढरी अंडी दिसली की समजा सुरू झालं. डाळीला तो तेवढा लागत नाही, त्याला अख्खा दाणा हवा असतो. म्हणून विक्री हळू होणार असं दिसलं तर तूर साठवू नका, उन्हाळ्यातच डाळ करून, कडक वाळवून, हवाबंद पिशव्यांत ठेवा. चांगल्या दिवसांत गिऱ्हाईक एखादा किडा दिसला तर 'सेंद्रिय आहे म्हणून' समजून घेतं. पैसा जपून वापरणारं गिऱ्हाईक समजून घेत नाही, आणि का घ्यावं?

बाजाराचंही लक्षात ठेवा. २०२१ मध्ये सरकारने तुरीची आयात खुली केली. बाहेरची तूर जास्त आली की किराण्यातली डाळ उतरते आणि तुमची १४० ची डाळ आपोआप महाग दिसायला लागते. तेव्हा तुम्ही काहीच बदललेलं नसतं, तरी फरक पंचवीसवरून पन्नासवर गेलेला असतो.


धानपट्टा_बचतगट (नागभीड)

आमच्याकडे धान. दादाजी खोब्रागडेंनी काढलेला एचएमटी धान आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचा, तो आम्ही शेणखतावर घेतो. डाळीसारखंच झालं. हातसडीचा तांदूळ आधी खूप मागायचे, मग म्हणायला लागले महाग पडते.

आम्ही भाव नाही उतरवला. एकाच धानाचे तीन माल केले. कमी पॉलिशचा अख्खा तांदूळ वेगळा, मिलचा साधा तांदूळ वेगळा आणि कणी, म्हणजे तुटका तांदूळ, वेगळी. कणी स्वस्त. ज्या घरांनी तांदूळ सोडला त्यांतल्या बऱ्याच जणी कणी घेतात, आंबिलीला, इडलीला, लहान लेकरांच्या पेजेला. घर आमच्याकडे राहिलं. पैसे आले की ते वरच्या मालावर परत येते.

आणखी एक केलं. तालुक्यातल्या शिक्षिका बाईंना आम्ही म्हटलं, मालाचे अर्धे पैसे रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, वेळी द्या, अर्धे दिवाळीनंतर. त्यांना एकदम ओझं होत नाही आणि आम्हाला रोवणीला सावकाराकडे जावं लागत नाही. ज्या बाईनं जुलैत पैसे दिले ती नोव्हेंबरात सोडून जात नाही. पैसे कमी असले तरी.


नवीन_गट (कारंजा लाड)

आम्ही यंदाच सुरू करतो आहोत. घरी येऊन नेणाऱ्याला विकायचं तरी प्रमाणपत्र लागतं का? प्रमाणनाचा खर्च ऐकून अर्धे लोक मागे हटले.


कृषी_पदवीधर

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे आहेत. त्यात वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्या लहान उत्पादकाने किंवा उत्पादक गटाने थेट खाणाऱ्याला विकलं तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण मग 'जैविक भारत'चा लोगो लावता येत नाही. अन्नव्यवसायाची साधी नोंदणी मात्र लागतेच. दुकानात ठेवायचं असेल तर प्रमाणपत्र हवंच, पीजीएस किंवा त्रयस्थ संस्थेचं. पीजीएसमध्ये गटातले शेतकरी एकमेकांची वावरं तपासतात, म्हणून पैसा कमी लागतो, वेळ जास्त लागतो. पहिली वर्षं रूपांतराची जातात, तेव्हा 'पीजीएस ग्रीन' मिळतं.

सहज आठवलं म्हणून सांगतो. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन २०१८ मध्ये अकोल्यातून सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. गट बांधणं, खत, अर्क, प्रशिक्षण यावर आपल्याकडे योजना पुष्कळ आहेत. पिकलेला माल खाणारं घर जोडून द्यायला फार थोड्या. आश्रमशाळा, वसतिगृहं, अंगणवाड्या यांची डाळ जर तालुक्यातल्या गटांकडून घेतली गेली, तर सोयाबीन पडलं म्हणून मागणी पडणार नाही. यासाठी गटांनी मिळून जिल्हा परिषदेकडे जोर लावायला हवा. मी अर्जाचा मसुदा करायला तयार आहे.


पराटीवाला

हे पटलं. आमच्या गावच्या आश्रमशाळेत लेकरं शिकते, डाळ कोनाची येते कोनालेच माहीत नाही. अर्ज लिहा भाऊ, दारव्ह्याच्या सह्या मी जमा करतो.

अन् वावरवाले भाऊ, १४० चा भाव गावातल्यालेही तोच का? गावात वाहतूक नाही, कुरिअर नाही.


सीताबर्डीची_आई

हा प्रश्न माझ्याही मनात आला होता. गावातल्यांना कमीच द्या. आम्हाला वाईट वाटणार नाही, उलट पिकवणाऱ्या गावातच तुमची डाळ शिजते हे कळलं तर माझा विश्वास वाढेल. प्रमाणपत्रावर मी तेवढा ठेवत नाही.

आणि ती गाडी कुठे कुठे थांबणार? बर्डीवर जागा मिळणार नाही, धंतोलीच्या बाजूला बघा.


वावरवाला

गावाचा भाव बैठकीत निघाला होता, ठरला नव्हता. आज फोनवर सगळ्यांशी बोललो. गावातल्यांना आणि मजुरीला येणाऱ्या बायांना १२५. पिशवी, गाडी काही लागत नाही, त्यामुळे त्यातही कास्तकाराचे जादा हजार निघतात. निंदाईच्या मजुरीत डाळ कापून घ्यायची मात्र नाही, मजुरी रोख आणि डाळ ज्याला पाहिजे त्याने घ्यावी, हे आमच्या गटातल्या बायांनी पक्कं करून घेतलं.

नागभीडच्या ताई, कणीसारखा आमचाही माल निघतो, डाळीचा चुरा. आजवर चुनीत जात होता. चाळून वेगळा काढला तर वड्यांना, भरड्याच्या पिठल्याला चालेल. साठ-सत्तर रुपयांत देता येईल. अर्धे पैसे आधी घ्यायचं आम्ही फक्त तुरीसाठी करून बघतो, जूनमध्ये विचारू. हळदीला गरज दिसत नाही, ती आधीच संपते.

अकोल्याचे भाऊ, भुंग्याचं ऐकून आज कोठीतली तूर उघडली. वरच्या दोन पोत्यांत अंडी दिसली. उद्या सगळी उन्हात काढतो आणि परवा मिलवर नेतो. हवाबंद पिशव्या पन्नास किलोच्या घ्याव्या की पंचवीसच्या?


दालमिल_अकोला

पंचवीसच्या घ्या. पन्नासची एकदा उघडली की महिनाभर उघडीच राहते. आणि अंडी दिसलेली दोन पोती वेगळी भरडा, चांगल्या मालात मिसळू नका.


सीताबर्डीची_आई

डाळ झाली की इथेच लिहा. आमच्या इमारतीतल्या चार घरांचे वीस किलो धरून ठेवा, आणि चुरा पाच किलो. मला वड्या घालायच्या आहेत.